कोठडीतून वसतिगृहाकडे : कर्मवीर भाऊराव पाटील आणि आपला आजचा प्रश्न

दरवर्षी 22 सप्टेंबरला आम्ही बोरीवलीतल्या आमच्या विहारात कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती साजरी करतो. अभ्यासवर्गातली मुले-मुली भाषणे करतात. रयत शिक्षण संस्था, कमवा आणि शिका, वडाचे झाड, लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र, हे सगळे त्यात येते. एक प्रसंग मात्र नेहमी एका वाक्यात उरकला जातो. कर्मवीर तरुणपणी तुरुंगात गेले होते.

या वेळी आम्ही तिथेच थांबायचे ठरवले. त्याला कारण आहे.

भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर 3 जानेवारी 2018 रोजी महाराष्ट्र बंद झाला. पुढच्या काही दिवसांत मुंबईच्या उपनगरांतल्या वस्त्यांमधून तरुणांची धरपकड झाली. आमच्या ओळखीचा एक मुलगा तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता. तो काही आठवडे आत राहिला आणि जामिनावर सुटला. तोवर हजेरी कमी पडली होती आणि परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला होता. कॉलेजच्या खिडकीवर त्याला कुणी नाही म्हटले नाही, पण हो म्हणणाराही कुणी भेटला नाही. या टेबलावरून त्या टेबलावर फिरून तो दमला आणि जायचा बंद झाला. आज तो घरोघर पार्सल पोहोचवतो. मागच्या महिन्यात त्याने आम्हाला सहज विचारले, की माझ्यासारख्याला आता कॉलेज करता येते का.

आम्हाला पटकन उत्तर देता आले नाही. म्हणून आम्ही कर्मवीरांचे चरित्र पुन्हा उघडले.

विहिरीचा रहाट

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज येथे झाला. घराणे मूळचे सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे, धर्माने जैन. वडील महसूल खात्यात नोकरीला, त्यामुळे घराची बदलीच्या गावी फिरती असे. कुंभोजच्या परिसरात सत्याप्पा भोसले नावाचा एक बंडखोर होता. सरकारच्या कागदावर तो गुन्हेगार आणि गोरगरिबांच्या तोंडी मात्र आधार. लहानगा भाऊराव त्याच्या सहवासात आला आणि त्याच्यावर त्याची छाप पडली, असे चरित्रकार सांगतात. ज्याच्यावर शिक्का आहे तो माणूस वाईटच असतो असे नाही, हे त्या वयातच त्याला कळले असावे.

विहिरीची गोष्ट तर सर्वांना माहीत आहे. अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत हे पाहून या मुलाने विहिरीचा रहाटच मोडून टाकला, असे सांगतात. महाडचा सत्याग्रह 1927 चा. त्याच्या कितीतरी आधी एका सवर्ण मानल्या गेलेल्या घरातल्या पोराच्या डोक्यात पाण्याचा प्रश्न पेटला होता, याची नोंद आपण ठेवली पाहिजे.

पहिली हकालपट्टी

पुढच्या शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला आले. राजाराम हायस्कूलमध्ये नाव घातले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. तो काळ राजर्षी शाहू महाराजांचा. महाराजांनी जातीजातींसाठी वसतिगृहे उघडली होती. 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या कार्यक्रमाला भाऊराव हजर राहिले. परत आल्यावर बोर्डिंगच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी आंघोळ करून शुद्ध व्हावे असे सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. बोर्डिंगचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्यांना काढून टाकले.

वसतिगृहाचे दार बंद झाले की शिक्षणाचे दारही बंद होते, हा अनुभव त्यांनी स्वतः घेतला. महाराजांचा आसरा मिळाला, पण मॅट्रिक काही पूर्ण झाली नाही. ज्या माणसाने पुढे हजारो मुलांना पदवीपर्यंत नेले, त्याच्याकडे स्वतःची साधी मॅट्रिकही नव्हती. साताऱ्यात येऊन ते मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले.

डांबर प्रकरण

1914 साल. कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासले. संस्थानात खळबळ उडाली. संशय लठ्ठे यांच्यावर धरण्यात आला आणि त्यांना अडकवण्यासाठी साक्षीदार हवा होता. लठ्ठ्यांना जवळून ओळखणारा माणूस म्हणून भाऊरावांवर दबाव आला. त्यांनी लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी, एवढेच काम.

इथे क्षणभर विचार करा. हेच ते लठ्ठे, ज्यांनी त्यांना बोर्डिंगमधून बाहेर काढले होते. सूड उगवायला याहून सोपी संधी कोणती? पण साक्ष खोटी होती. भाऊराव नाही म्हणाले.

मग त्यांनाच आत टाकले गेले. मारहाण झाली, छळ झाला. हा छळ इतका होता की त्यांनी तुरुंगात जीव देण्याचाही प्रयत्न केला. जयंतीच्या भाषणात हा भाग वगळला जातो, कारण महापुरुषाने असे खचून जाणे आपल्याला रुचत नाही. आम्हाला वाटते, तो वगळू नये. कोठडीत माणूस खचतो. कर्मवीरही खचले होते. आपल्या वस्तीतला विशी-बाविशीचा मुलगा आत जाऊन आल्यावर गप्प गप्प राहतो, रात्री झोपत नाही, कुणाच्या नजरेला नजर देत नाही, तेव्हा त्याला मन घट्ट कर एवढे सांगून भागत नाही. त्याच्याजवळ बसावे लागते.

शेवटी त्यांची सुटका झाली. गुन्हा केला नव्हता, पण तुरुंग भोगून झाला होता. आजच्या भाषेत ते कच्चे कैदी होते.

कंदील, नांगर आणि गावे

सुटून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न पोटाचा असतो. भाऊरावांनी ओगल्यांचे कंदील विकले. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्यात काम केले. या फिरतीत त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातली गावे पालथी घातली. दिवसा माल विकायचा आणि रात्री सत्यशोधक समाजाच्या सभेत बोलायचे, असा दिनक्रम. महात्मा जोतीराव फुले यांचा विचार त्यांनी ऐकला होताच, आता तो शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसून तपासूनही पाहिला. गावात शाळा नाही. शाळा आहे तर महारा-मांगाच्या मुलाला आत जागा नाही. पुढचे शिक्षण शहरात, आणि शहरात राहायचे कुठे, खायचे काय?

त्यांच्या लक्षात आले, की फी माफ करून हा प्रश्न सुटत नाही. आधी मुलाला छप्पर आणि दोन वेळचे जेवण लागते.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातल्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. त्याला नाव दिले छत्रपती शाहूंचे. ज्या संस्थानाच्या पोलिसांनी त्यांना कोठडीत मारले, त्याच संस्थानाच्या राजाचे! त्यांनी पोलिसांचा जुलूम आणि महाराजांचे शिक्षणकार्य यांची गल्लत केली नाही. 1927 मध्ये गांधीजींनी या वसतिगृहाला भेट दिली. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, सगळी मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. ते दिवस असे होते की गावच्या पाणवठ्यावर बाटलेपणावरून डोकी फुटत.

पैसे संपले की लक्ष्मीबाई दागिने काढून देत. शेवटी मंगळसूत्रही गेले. त्या 1930 मध्ये वारल्या. त्या वसतिगृहातल्या मुलांसाठी त्या आईच होत्या. रयतचा इतिहास लिहिताना त्यांचे नाव दुसऱ्या ओळीत टाकणे आता तरी थांबले पाहिजे.

घाम गाळून पदवी

1932 मध्ये येरवडा तुरुंगात पुणे करार झाला. त्या कराराबद्दल आपल्या मनात जे सल आहेत ते आहेतच. भाऊरावांनी मात्र त्याच वर्षी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस उघडले आणि ऐक्याचा अर्थ एकत्र राहणे, एकत्र शिकणे असा लावला. 1935 मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारे विद्यालय निघाले. त्यानंतर खेड्यापाड्यांत पाचशेहून अधिक स्वयंसेवी प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. 1940 मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आले. तिथे मुलगा शेतात, बांधकामावर, स्वयंपाकघरात काम करी आणि त्या कामातून त्याचे शिक्षण चाले. साताऱ्याजवळचा खडकाळ माळ या मुलांनी फोडून लागवडीला आणला.

आणि 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. इथे थोडे थांबूया. बाबासाहेबांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 20 जून 1946 रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेही लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. एका वर्षाच्या अंतराने निघालेली ही दोन कॉलेजे. एकाने घड्याळ बदलले, दुसऱ्याने श्रमाला फीची किंमत दिली. विद्यार्थी कॉलेजात बसत नसेल तर कॉलेजने बदलायचे, ही दोघांची रीत.

या पद्धतीतून काय निघाले ते पाहायचे असेल तर बॅरिस्टर पी. जी. पाटील यांचे उदाहरण घ्या. कर्मवीरांच्या छायेत वाढलेला हा मुलगा विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाला, परत येऊन रयतमध्ये शिकवू लागला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

सत्तेशी त्यांचे खटके उडतच राहिले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी मुंबई सरकारवर जाहीर टीका केली म्हणून संस्थेचे अनुदान थांबवण्यात आले. वसतिगृहांत मुले उपाशी राहण्याची वेळ आली. लोकांनी धान्य दिले, पैसे दिले. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. 1954 मध्ये कराडला निघालेल्या कॉलेजला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले गेले. 1959 मध्ये भारत सरकारने पद्मभूषण दिले, पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाला! त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांचे निधन झाले.

आज कोठडीत कोण आहे?

कर्मवीरांनी तुरुंगात कॉलेज काढले नाही. तसा दावा आम्ही करणार नाही. पण तुरुंगातून आलेल्या, बोर्डिंगमधून काढलेल्या, मॅट्रिक न झालेल्या एका माणसाने शिक्षणाची व्यवस्था कशी रचली, यातून आजच्या प्रश्नाला उत्तर मिळते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसे होती. त्यातली 4,34,302 कच्चे कैदी होती, म्हणजे शंभरातली जवळपास 76. त्यांच्यावर गुन्हा सिद्ध झालेला नाही. अनुसूचित जाती, जमाती आणि मुसलमान यांचे तुरुंगातले प्रमाण त्यांच्या लोकसंख्येपेक्षा जास्त आहे, हे या अहवालांतून वर्षानुवर्षे दिसते. तुरुंगात कामे जातीवर वाटली जात होती, हे तर 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केले आणि ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. एकेकाळी 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या आणि सोलापुरात त्यांना काटेरी तारांच्या आत ठेवले होते. तारा निघाल्या, संशय गेला नाही.

शिक्षणाची सोय अगदीच नाही असे नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे केंद्र 1994 मध्ये तिहारमध्ये निघाले. गंमत अशी, की त्याच वर्षी अमेरिकेने आपल्या कैद्यांना मिळणारी पेल ग्रँट ही शिक्षणवृत्ती बंद केली, आणि ती पुन्हा पूर्णपणे खुली व्हायला 2023 साल उजाडले. आपल्या राज्यात नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची आणि इग्नूची केंद्रे मध्यवर्ती कारागृहांत चालतात. तिथून कैदी पदवीधर होतात. शिक्षा झालेल्या कैद्याला शिक्षण पूर्ण केल्याबद्दल शिक्षेत सूटही मिळते.

पण सूट शिक्षेत मिळते. ज्याला शिक्षाच झालेली नाही, त्या कच्च्या कैद्याला कशातून सूट देणार? त्याची तारीख पुढे पुढे जाते, बराक बदलते, कधी तुरुंगही बदलतो. अशात त्याने कोर्स कुठल्या भरवशावर सुरू करायचा? आणि बाहेर आल्यावर मुक्त विद्यापीठाची कागदपत्रे, नेहमीच्या कॉलेजची हजेरी, मध्ये गेलेली वर्षे यांचा मेळ त्याने एकट्यानेच घालायचा.

तरीही वाट निघते. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तळोजा कारागृहातल्या एका कच्च्या कैद्याला विधी शाखेत प्रवेश घेण्याची परवानगी दिली. ते कॉलेज होते सिद्धार्थ विधी महाविद्यालय. बाबासाहेबांच्या संस्थेचे. ही बातमी वाचली त्या दिवशी आमच्या अभ्यासवर्गात बराच वेळ दुसरे काही शिकवले गेले नाही.

कान्हेरीच्या वाटेवर

आम्ही बोरीवलीकर. राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या लेण्या आमच्या घराशेजारी. शंभराहून अधिक लेणी, पाण्याची टाकी, भिक्खूंना राहण्यासाठी कोरलेले ओटे. तिथे गेल्यावर आम्ही लहान मुलांना अंगुलिमालाची गोष्ट सांगतो. बहुतेक जण ती बुद्धाच्या भेटीपाशी संपवतात. खरा कठीण भाग त्यापुढे आहे. अंगुलिमाल भिक्खू झाला, राजा प्रसेनजिताने ते मान्य केले, पण भिक्षेला गेला की लोक त्याला दगड मारत. रक्तबंबाळ होऊन तो परत येई. बदललेला माणूस बदलला आहे हे मानायला समाजाला फार वेळ लागतो. संघाने मात्र त्याला जागा दिली होती. राहायला ओटा, ऐकायला धम्म, सोबतीला माणसे.

अंगुलिमालाने खून केले होते. आपल्या वस्तीतल्या मुलाने बंदमध्ये घोषणा दिल्या होत्या. भाऊरावांनी तर खोटी साक्ष द्यायला नकार दिला होता. तिघांचे गुन्हे सारखे नाहीत, पण दगड सारखाच लागतो. बुद्धाच्या संघात अंगुलिमालाला जागा असेल, तर आमच्या अभ्यासिकेत खुर्ची कुणाला नाकारायची?

आपण काय करू शकतो

मित्रांनो, जयंतीला हार घालून झाले. आता कामाचे बोलू. आमच्या अभ्यासवर्गाने काही गोष्टी ठरवल्या आहेत. तुमच्या विहारातही त्या करता येतील.

एक, वस्तीतला कुणी आत असेल तर वकिलाच्या भेटीत जामिनाबरोबर शिक्षणाचाही विषय काढायचा. परीक्षा जवळ असेल तर पोलीस बंदोबस्तात परीक्षेला बसू द्यावे असा अर्ज कोर्टात करता येतो. तो वेळेत करायचा. हॉल तिकीट आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

दोन, कागद. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, आधार, यांची एक फाईल घरच्यांकडून करून घ्यायची. कारागृहातल्या केंद्रात प्रवेश घेतानाही हीच फाईल लागते आणि बहुतेकांचे गाडे इथेच अडते.

तीन, सुटून आलेल्याला एकट्याने कॉलेजच्या खिडकीवर पाठवायचे नाही. आपल्यातले दोघे सोबत जातील. मधल्या वर्षांसाठी गॅपचे प्रतिज्ञापत्र करावे लागते, ते कसे लिहायचे हे आपल्यातल्या वकिलांनी शिकवावे.

चार, अभ्यासिकेत त्याची जागा राखून ठेवायची. तो काय करून आला हे विचारायचे नाही. कुठल्या वर्षापासून सुरू करायचे, एवढेच विचारायचे.

पाच, वसतिगृह. हे मोठे काम आहे, आमच्या आवाक्याबाहेरचे. पण काल्याला संस्था सुरू झाली तेव्हा भाऊरावांच्या आवाक्यात तरी काय होते?

त्या मुलाला आम्ही उत्तर दिले आहे. हो, करता येते. मागच्या रविवारी विहारात बसून आम्ही मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाची माहिती काढली. त्याचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला, बारावीची गुणपत्रिका मात्र पावसात भिजली आहे. दुसरी प्रत मिळवण्यासाठी बोर्डात अर्ज करायचा आहे. आमच्यातली एक ताई त्याच्यासोबत जाणार आहे. पार्सलच्या कामातून सुट्टी मिळते का, ते तो बघतो आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.